डोलिनाचा कोपरा

माझ्या दुकानातल्या गाजरांना डोलिना 'पेन्शनर' म्हणायची. "बोटीतून येईपर्यंत कंबरेत वाकतात गं बिचारी," असं भर गिऱ्हाइकांत बोलायची आणि तीच पिशवीत भरून न्यायची, कारण स्कॉटलंडच्या लुईस बेटावरच्या आमच्या गावात दुसरं दुकानच नाही. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

मासळीचा कारखाना बंद पडला आणि डोलिना घरी बसली. नवरा आधीच गेलेला, मूलबाळ नाही. घरात बसून राहणं तिला कधी जमलं नाही. मार्च महिन्यात तिनं दिराकडे, टॉर्मोडकडे, आपल्या घरामागचा पडीक कोपरा मागितला. जमीन सगळी त्याच्या नावावर. टॉर्मोड म्हणजे आमच्या चर्चमध्ये स्तोत्राची ओळ आधी म्हणणारा माणूस. तो ओळ देतो, मग सगळं गाव त्याच्या मागून गातं. आवाज दणदणीत, हात मात्र आखडता.

हे बोलणं माझ्याच दुकानात झालं.

"भाजी? इथं?" टॉर्मोड म्हणाला. "इथला वारा मेंढीच्या अंगावरची लोकर ओरबाडतो, तुझा कोबी काय धरणार आहे?"

"एक उन्हाळा द्या, भाऊजी."

"बरं. सप्टेंबरात प्रभुभोजनाच्या सणाला माझ्याकडे घरभर पाहुणे असतात. त्यांचं सूप तुझ्या भाजीचं झालं, तर कोपरा कायमचा तुझा. नाही झालं, तर तिथं माझे एडके राहतील आणि तू पुन्हा विषय काढायचा नाहीस."

"कबूल," डोलिना म्हणाली. मी काउंटरमागे कपाळाला हात लावला.

पहिली पेरणी तिनं बियांच्या पाकिटावर लिहिलं होतं तशी केली आणि सगळी वाया घालवली. कोंब वर आले, खाऱ्या वाऱ्यानं करपले, उरलेले गोगलगाईंनी फस्त केले. ती दुकानात आली तेव्हा डोळे लाल होते. शेगडीजवळ इफीमावशी बसली होती. नव्वदीची बाई, रोज माझा चहा पिते आणि माझ्याच बिस्किटांना नावं ठेवते.

"रडतेस कशाला? पाकीट छापणाऱ्याचं नाक कधी आपल्या वाऱ्यात गोठलंय का?" मावशी म्हणाली. "किनाऱ्यावर जा. हिवाळ्यात येऊन कुजलेलं शेवाळ पडलंय, फुकट. आणि या कंजुषीणीकडून पुठ्ठ्याची खोकी माग."

कंजुषीण म्हणजे मी. दिली खोकी. डोलिनानं ती उलगडून गवतावर अंथरली, वर शेवाळाचा जाड थर दिला. खालचं गवत गुदमरलं आणि वर केल लागला, कोबीच्याच जातीचा, पण कुरळ्या सुट्या पानांचा. समुद्रानं फेकलेल्या मासळीच्या पेट्यांना तळाशी भोकं पाडून तिनं निम्मी वाळू आणि निम्मं कुजकं शेवाळ भरलं आणि त्यात गाजर पेरलं. लीकची, म्हणजे जाड्या कांद्याच्या पातीसारख्या भाजीची, रोपं अंड्यांच्या ट्रेमध्ये खिडकीत वाढवली. प्रत्येक रोपाच्या बुडाशी मेंढीची भरड लोकर, म्हणजे गोगलगाय येत नाही. दाराशी कोथिंबिरीसारखी पार्सली, चाइव्हची बारीक पात आणि मैत्रिणीकडून आणलेल्या पुदिन्याच्या काड्या. सगळ्यात खर्चिक वस्तू बी.

वाऱ्यासाठी ती फळ्यांची भिंत घालणार होती. मावशी खेकसली. "भिंत पडेल! वारा अडवायचा नसतो गं, दमवायचा असतो. जुनं जाळं लाव, दुहेरी."

बंदरात टाकून दिलेलं जाळं तिनं खांबांवर ताणून बांधलं. आत शिरलं की वारा खरंच मऊ लागायचा.

जुलैपर्यंत केल गुडघ्याएवढा झाला. टॉर्मोडला ते बघवेना. त्यानं, त्या आखडत्या हाताच्या माणसानं, मुख्य भूमीवरून प्लास्टिकचा भलामोठा बोगदा, आत भाजी लावतात तसला, मागवून आपल्या अंगणात उभा केला. "भाजी करायची तर अशी करायची," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. डोलिनाच्या जाळ्याला तो 'भिकाऱ्याचा पडदा' म्हणायचा.

सणाच्या आधीच्या रविवारी वादळ आलं. आमच्याकडे रविवारी दोरीवर फडकंसुद्धा वाळत घालत नाहीत, मग बागेत हात कोण घालणार? सगळे चर्चमध्ये. टॉर्मोड उभा राहिला, त्यानं ओळ दिली, आम्ही उचलली, आणि खिडकीबाहेरून त्याचा बोगदा समुद्राकडे गेला. अख्खा! पंख पसरून! टॉर्मोडनं पाहिला. त्याचा आवाज कणभर चिरला, पण स्तोत्र मध्येच सोडता येत नाही. त्यानं पुढची ओळ दिली. सगळं गाव माना खाली घालून गात होतं आणि बाकं हलत होती. मी रुमाल तोंडात कोंबला.

डोलिना मात्र हसली नाही. घरी आल्यावर तिनं मागच्या खिडकीतून पाहिलं. जाळं उभं होतं, पण एका कोपऱ्याचा दोर सुटून फटके मारत होता. त्या कोपऱ्याचा खांब गेला की सगळं जाळं केलवर आडवं होणार. एक गाठ मारायची होती, फक्त एक. पण रविवार! ती तशीच टॉर्मोडच्या दारात गेली. मी मागून, गंमत बघायला म्हणा हवं तर.

"भाऊजी, गाठ मारू का?"

"गाठ मारणं म्हणजे काम," तो तुटकपणे म्हणाला. मला वाटलं, झालं, सूड उगवला मेल्यानं. त्यानं दाराबाहेर पाऊल टाकून वारा पाहिला. मग म्हणाला, "पण दोर हातात धरून नुसतं उभं राहणं, हे काही काम नाही."

डोलिना धावली. दोन्ही हातांनी दोर धरून उभी राहिली. तिचा दम संपला तेव्हा मी धरला, चर्चच्या टोपीसकट. माझे हात सोलले. तेवढ्यात काळ्या कोटातला टॉर्मोड आला, माझ्या हातातून दोर घेतला आणि टाचा रोवल्या.

"मी फक्त उभा आहे," तो म्हणाला.

"आम्ही कुठं काय म्हणालो?" मी म्हटलं.

अंधार पडता पडता वारा उतरला. सोमवारी डोलिनानं गाठ मारली. केल उभा, लीक उभे, पेट्यांतली गाजरं जशीच्या तशी. मी तिला कडकडून मिठी मारली. आनंद असा झाला होता की जणू पेट्या माझ्याच होत्या.

वादळामुळे बोट शुक्रवारपर्यंत आलीच नाही. माझी फडताळं रिकामी, एक पेन्शनरसुद्धा शिल्लक नाही. गुरुवारी टॉर्मोडकडे शेजारच्या हॅरिसहून पाहुणे उतरले. मटणाच्या रश्श्यात बार्ली, लीक, केल, गाजर आणि वरून पार्सली. डोलिना पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी. मी वाट्या वाढत होते.

"बोट आली नाही म्हणता," एका पाहुण्यानं विचारलं, "मग इतकी गोड गाजरं आणली कुठून?"

टॉर्मोडनं चमचा खाली ठेवला. माझ्या जमिनीतली, असं तो म्हणू शकला असता, आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यानं गळा साफ केला आणि चर्चमध्ये ओळ देतो त्याच आवाजात, घरभर ऐकू जाईल असं सांगितलं, "डोलिनाच्या बागेतली." आणि वाटी पुन्हा पुढे केली.

डोलिना दारातच रडायला लागली. "ऐकलंस?" ती मला म्हणाली.

ऐकलं तर. टॉर्मोडनं ओळ दिली होती, आता गाव मागून म्हणणारच. त्या दिवसापासून त्या कोपऱ्याला सगळे डोलिनाची बाग म्हणतात.