सांध्यावरचं दार

तोतारामनानांच्या जहाजात एक दार जास्तीचं होतं. ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं आणि सुरुवातीला त्याचं त्यांना हसूच यायचं.

नाना अमळनेरचे बाइंडर. वह्या-पुस्तकांना पुठ्ठे घालण्यात अख्खं आयुष्य गेलं. समुद्र? छे! तापीचा पूर सोडला तर एवढं पाणी या माणसाने कधी पाहिलं नव्हतं. पण मुलगा भूषण मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला लागला आणि नानांच्या डोक्यात किडा वळवळला. भूषण फोनवरून जहाज आतून दाखवायचा आणि नाना ते कागदा-पुठ्ठ्यात उभं करायचे. बाहेरच्या डौलाशी त्यांना काही घेणं नव्हतं. एक बाजू उघडी ठेवून सगळं आतलंच: स्वयंपाकघर, त्यातली बोटाएवढी कढई, एकावर एक बिछाने, लोखंडी जिने, तळाशी इंजिनरूम. मुलीच्या, कामिनीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका भिंतींच्या कामी आल्या. छापील बाजू मागे, कोरी पुढे.

"आत एक माणूस नही," त्यांची बायको पुष्पाबाई म्हणायची. "कसं भकास दिसी राहिनं!"

इंजिनरूमची मागची भिंत करताना पुठ्ठा कमी पडला. दोन तुकडे जोडावे लागले. आता सांधा उघडा सोडायचा म्हणजे बाइंडरच्या जिवावर येतं. पुस्तक असतं तर त्यावर पट्टी मारली असती. इथे नानांनी दार चिकटवलं. त्याला बिजागऱ्या, कडी, वर लाल पाटी, पुढे दोन पायऱ्या. दार असं बेमालूम जमलं, की सगळ्या जहाजात तेच एक खरं वाटायचं.

मग भूषणच्या खटपटीने जावई पियुषला त्याच जहाजावर, भूषणच्याच जागेवर नोकरी लागली. भूषण सुट्टीवर घरी पोचायच्या आत पियुषला निघायचं होतं, म्हणजे दोघांची गाठ काही पडणार नव्हती. म्हणून मग पियुष कामिनीला घेऊन सासुरवाडीला आला आणि पुठ्ठ्याच्या जहाजापुढे अभ्यासाला बसला.

"जिना उतरलं की डावीकडे जनरेटर," तो बोट फिरवत म्हणाला. "जनरेटरच्या मागे हे दार. पुढून धूर आला तर इथून सुटायचं. मामा, दार काय फक्कड केलंय हो!"

कामिनीही नवऱ्याबरोबर पाठ करत होती. "जनरेटर, मागे दार," ती पुटपुटली.

नाना सांगणारच होते. पण शेजारी व्याही बन्सीलाल बसले होते, कौतुकाने मान डोलावत. व्याह्यासमोर, जावयासमोर कोणत्या तोंडाने सांगायचं, की पुठ्ठा पुरला नाही म्हणून थाप मारली? "पाहुणे, चहा निवतोय," नाना म्हणाले. तिथे गेल्यावर दिसेलच त्यांना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पियुष गेला, भूषण आला. जहाज पाहून आधी हरखला, मग वाकून बघायला लागला. "नाना, हे दार कुठून आणलं? तठे तर नुसती भिंत शे!"

नानांनी सांध्याचं सांगितलं. भूषण खो खो हसला. "पियुषला कळव रे बाबा," नाना म्हणाले. "अहो, त्याला काय डोळे नाहीत?" असं म्हणून भूषण मित्राकडे धुळ्याला निघून गेला.

त्या आठवड्यातल्या रविवारी पियुषचा व्हिडिओ कॉल आला. बन्सीलाल मुद्दाम त्यासाठी येऊन बसले होते. पियुष खुशीत होता. "मामा, इथे फिरवून दाखवायला कुणाला सवड नाही. माझं मात्र काही अडलं नाही, तुमची कृपा! तुमच्या दारासमोर तेवढी पिंपं रचून ठेवलीत, म्हणून ते अजून दिसलं नाही. पण आहे कुठे ते माहीत आहे ना!"

"पाहुणे, त्या दाराचं..."

"काय मामा?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. बन्सीलालांच्या चेहऱ्यावर ते तसलं कौतुक. "जपून राहा," एवढंच ते म्हणाले.

सगळे पांगल्यावर त्यांना स्वतःचीच चीड आली. माणसाच्या जिवापुढे लाज कसली? ओट्यावर जाऊन त्यांनी फोन तोंडाशी धरला. "पाहुणे, ते दार खोटं शे. तिकडे जाऊ नका. चूक माझी शे." निरोप पाठवला. एक बारीक खूण उमटली, दुसरी काही उमटेना. जहाज बंदरातून सुटलं होतं. नाना जेवताना फोन बघत, पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवताना बघत. पुष्पाबाई म्हणाली, "काय झालं तुम्हाला?" "काही नही," ते म्हणाले. खूण एकच राहिली.

भूषण धुळ्याहून परत आला तो फोन कानाला लावूनच. उंबऱ्यातच थांबला. कामिनी माहेरीच होती, भाजी निवडत बसलेली.

"इंजिनरूममध्ये आग लागली," भूषण म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "बाकीचे पुढच्या जिन्याने वर आले. पियुष... पियुष मागे सापडला. पिंपं सारून पार भिंतीपाशी गेला होता. गेला तो, कामिनी. तठे कसाले गया, कोणालेच समजत नही..."

बोलता बोलता त्याची नजर नानांकडे वळली, मग पुठ्ठ्याच्या जहाजातल्या त्या दाराकडे. पुष्पाबाईने हंबरडा फोडला.

कामिनी रडली नाही. "असं कसं होईल?" ती म्हणाली. "तठे दार शे ना. आम्ही दोघांनी पाठ केलंय." ती उठली, जहाजापुढे बसली. "नाना, सांगा ना याला. जनरेटर, मागे दार."



तिने दाराखाली नख घातलं. दार उघडलं नाही. ते निघून तिच्या हातात आलं आणि मागे सांधा दिसला.