खडकावर जाऊन थांबणारी रेषा

त्या हिवाळ्यात टोकावड्याच्या एका महिला गटाचा टेम्पो माझी मामेबहीण चालवू लागली. आसपासच्या पाड्यांवर पहाटे भेंडी तोडली जाते. क्रेट भरून ती ऊन चढण्याआधी मुरबाडजवळच्या पॅकिंग शेडमध्ये पोहोचवायची. उशीर झाला की भेंडी तापते, तिचे शेंडे काळवंडतात आणि शेडवाले क्रेट परत पाठवतात. जुना चालक तिथलाच होता. ताई मात्र लग्नानंतर ठाण्याहून आलेली; परवाना तिने हट्टाने काढला, पण पाड्यांच्या वाटा तिला अनोळखी होत्या. दोनदा माल परत आला, तेव्हा गटाच्या अध्यक्षबाईंनी स्पष्टच सांगितले, "या आठवड्यात जमलं तर ठीक. नायतर जुन्याला बोलावते. मला बायकांना तोंड दाखवायचंय."

ताईने मला फोन केला. "जयभीम गो. तुझं ते कॉम्प्युटरचं डोकं जरा घरच्यांसाठी चालव."

भौतिकशास्त्र शिकून मी आटगावच्या घरून मोबाइल ॲप लिहिण्याचे काम करते. अडचण उघड होती. पाड्यांकडे वळले की रेंज जाते आणि फोनवरचा नकाशा अर्ध्या वाटेत कोरा होतो. म्हणून मार्ग टोकावड्यातच मागवून फोनमध्ये साठवायचा आणि पुढे तो रेंजशिवाय दाखवायचा, असे छोटे ॲप मी लिहायला घेतले.

नकाशाची सेवा मार्ग पाठवते तो मार्गासारखा मुळीच दिसत नाही. अक्षरे, कंस, प्रश्नचिन्हे यांची एक निरर्थक ओळ येते. प्रत्येक चिन्हाचा संगणकातला क्रमांक घ्यायचा, त्यातून त्रेसष्ट वजा करायचे, उरलेले तुकडे ठरलेल्या क्रमाने जोडायचे, की त्यातून अक्षांश आणि रेखांश बाहेर पडतात. यातली खरी हुशारी अशी, की फक्त पहिला बिंदू पूर्ण दिलेला असतो. पुढचा प्रत्येक बिंदू म्हणजे आधीच्यापासूनचा फरक. त्यामुळे सगळा घाटरस्ता एवढ्याशा मजकुरात मावतो. ही उकल तयार मिळते, तरी मी ती स्वतः लिहिली. आत काय चालते हे कळल्याशिवाय मला साधन वापरवत नाही.

रिकामा टेम्पो घेऊन ताई ॲपमध्ये उमटलेल्या निळ्या रेषेमागे गेली आणि परत येऊन भडकली. "रेषा संपली तिथं नुसती करवंदीची जाळी. पाडा पलीकडं, ओढ्याच्या खाली. टेम्पो काय उडवत नेऊ?"

संशय अर्थातच माझ्या उकलीवर गेला. मी काही बिंदू कागदावर सोडवून पाहिले. ते बरोबर होते. मग लक्षात आले की एवढेही करायची गरज नव्हती. बिंदू फरकांनी जोडलेले असल्यामुळे एक चूक झाली, की पुढची सगळी रेषा शेतांत आणि नदीत भरकटते. माझी रेषा मात्र शेवटपर्यंत रस्त्याला चिकटून होती. म्हणजे मार्ग बरोबर, मुक्काम चुकीचा. माल कुठून उचलायचा ते कळावे म्हणून ताईने पाड्यांवरच्या बायकांकडून फोनवर लोकेशन मागवली होती; ती ठिकाणे मी नकाशावर एकत्र मांडली. वेगवेगळ्या पाड्यांच्या खुणा एकाच टेकडीवर एकमेकींवर चढून बसल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काळोखातच निघून मी स्कूटरने शहापूर-मुरबाडमार्गे टोकावड्याला गेले आणि ताईला घेऊन त्यातल्या एका पाड्यावर. भेंडीची लव खाजू नये म्हणून हातांत जुने पायमोजे चढवून एक बाई तोडणी करत होती. लोकेशन कुठून पाठवले, असे विचारताच तिने टेकडीकडे हात केला.

"त्या खडकावरून. खाली फोन मुका. तुमीच बोल्लात ना लोकेशन धाडा? धाडायला रेंज नको? सगळे पाडे तिथंच चढतात."

"पण मावशी, टेम्पो कुठं यायचा?" ताई म्हणाली.

"टेम्पो इथं, चिंचेखाली! खडकावर कशाला गो? भेंडी काय फोन लावणार हाय?"

ताईला हसू आवरेना. मीही हसले आणि तिथेच बांधावर लॅपटॉप उघडून ॲपमध्ये एक बटण वाढवले. जागा ओळखायला रेंज लागत नाही, ती लागते पाठवायला. म्हणून माल ठेवतात तिथे उभे राहून बटण दाबायचे, खूण फोनमध्येच राहते; तिथवरचा मार्ग टोकावड्यात परतल्यावर मागवायचा. ताईने सगळे पाडे फिरून त्या खुणा स्वतः टिपल्या. एका पाड्यापर्यंत नकाशात रस्ताच नव्हता. तिथे रेषा डांबरीवर थांबली. ती पुढे ओढून दाखवणे मला खोटेपणाचे वाटले. त्या बायकांनी क्रेट डोक्यावरून डांबरीपर्यंत आणायचे कबूल केले.

आठवड्याच्या शेवटच्या खेपेला मी ताईच्या शेजारी बसले होते. शेडवरच्या माणसाने तळाच्या क्रेटमध्ये कोपरापर्यंत हात घातला, एक भेंडी मोडून पाहिली आणि क्रेट काट्यावर सरकवले. तेवढ्यात अध्यक्षबाईंचा फोन आला. ताईने तो स्पीकरवर टाकला.

"घेतला का माल?"

"घेतला."

"सगळा?"

"सगळा."

पलीकडे अध्यक्षबाईंनी कोंबड्यांना हाकलल्याचा आवाज आला.

"बरं. मग त्या जुन्याला मी नको म्हणून कळवते. आनि येताना गाडी धुऊन आण, लय मळवलीस."

ताईने फोन ठेवला आणि शेडवाल्याला पाण्याचा नळ कुठे आहे ते विचारले.