गोठ्यातली फटफटी

इंद्रभानने फटफटी गव्हाणीला टेकवली, खाली घमेलं सरकवलं, शेजारी पोतं अंथरलं आणि काम सुरू करायच्या आधी स्वतःच त्यावर आडवा झाला.

"दुरुस्ती तिची हाये का तुमची?" दारातून रुख्मिणीने विचारलं.

"दोघायची," तो डोळे न उघडता म्हणाला.

रब्बीचे दिवस होते. धामणगाव बढ्याच्या आसपास विहिरींवर डिझेलची इंजिनं बसून काही वर्षं झाली होती. इंजिन बंद पडलं की इंद्रभानला निरोप यायचा, आणि निरोप आणणारा प्रत्येक जण म्हणायचा की गहू वाळून राह्यला. दुसऱ्यांची इंजिनं खोलता खोलता स्वतःच्या फटफटीकडे बघायला त्याला सवड नव्हती. ती आज ना उद्या बिघडणार हे त्याला समजत होतं, पण हिवाळा असाच सरत आला.

बिघाड क्लचचा होता. एका टोपलीत भाकरी रचाव्यात तशा त्यात चकत्या रचलेल्या असतात. एक लोखंडी, एक भोकाभोकांत बुचं बसवलेली, पुन्हा एक लोखंडी. हँडलवरची दांडी दाबली की त्या सुट्या होतात आणि इंजिन चालू असलं तरी चाक मोकळं राहतं. इंद्रभानच्या फटफटीत त्या सुट्या होईनाशा झाल्या होत्या. दांडी दाबली तरी गाडी आपली पुढेच. मोताळ्याच्या बाजारात ती थेट गोजरबाईच्या वांग्यांच्या ढिगात शिरली होती. गोजरबाईने शांतपणे विचारलं होतं, "घ्याची हायेत का नुसती तुडवाची?" तेव्हापासून बाजारात तो दिसला की माळणी आपापली टोपली मागे ओढून घेत.

शेवटी तो उठला. बाजूचं झाकण खोललं. पातळ, काळं तेल धारेने घमेल्यात पडायला हवं होतं. पडलं ते काकवीसारखं, तार धरून. त्याने बोटावर घेतलं, हुंगलं, आणि तो थांबला.

वास एरंडेलाचा होता.

त्याने मान वर केली. गोठ्याच्या खुंटीला बांबूचा नळा टांगलेला होता. बैलगाडीच्या आखाला एरंडेलाचं वंगण घालायला असतो तो. त्यातली चिंधी ताजी ओली होती.

इंद्रभानचा बाप मोतीराम याने उभी हयात नांदुऱ्याच्या जिनाला कापसाची गाडी हाकली. गुडघे गेले तेव्हा बैल विकले, पाठोपाठ गाडीही. त्यानंतर म्हातारा बाजेवर पडून राहू लागला. ताटात वाढलेलं तसंच परत जायचं. मग इंद्रभानने एका ठेकेदाराची जुनी फटफटी घेतली आणि कोरडी जागा म्हणून गोठ्यात लावली. आठवडाभरात म्हातारा बाजेवरून उठला. रोज दिवेलागणीला तो फटफटी पुसू लागला, जेवताना विचारू लागला, "आज कुठवर गेली व्हती?" दुसरी भाकर मागू लागला. पुसण्याबरोबर तो वंगणही घालत असेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इंद्रभानच्या तर नाहीच. तो घरी यायचा तो हातपाय धुऊन झोपायला.

चकत्या एकमेकींना डिंक लावल्यासारख्या चिकटल्या होत्या. त्याने स्क्रूड्रायव्हर घालून त्या सोडवल्या तशी बरीच बुचं तुटून हातात आली. नवी चकती इथे मिळणार नव्हती. दवाखान्याच्या कंपाउंडरकडून औषधांच्या बाटल्यांची बुचं त्याने मागून आणली होती, ती रुख्मिणीने चुलीवर उकळून दिली. बुचं मऊ झाल्यावर तो एकेक भोकात ठोकत गेला. आता ती घासून सपाट करायची होती.

"पाटा दे."

"मसाल्याचा?" तरी तिने तो ओढत आणला. घमेल्यातल्या तेलाचा वास तिलाही आला. आवाज खाली करून ती म्हणाली, "सांगा न मामंजीले. नाहीतं पुढल्या महिन्यात मी पुन्हा बुचंच शिजवीन."

"काय सांगू? का तुह्यानं गाडी बिघडली, आता हात लावू नको? मंग थे काय करतीन दिवसभर?"

 रुख्मिणीने मामंजींच्या रिकाम्या बाजेकडे एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

तेवढ्यात मारुतीच्या पारावरून मोतीराम आला. भिंत धरत वाकला. "काय झालं तिले?"

"बुचं झिजली, बा."

"वय झालं तिचं."

"हाव."

म्हाताऱ्याने घमेल्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. वर खुंटीवरच्या नळ्याकडे पाहिलं. मग बोट धोतराला पुसून पाट्यापाशी बसला. "आण इकडं. तुह्या हातात जीव नाही आज."

पाट्यावर काचकागद ठेवून तो चकती फिरवू लागला. गोल, सावकाश, दाब सगळीकडे सारखा. त्या खरखर आवाजात इंद्रभानला बसल्या बसल्या डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा सगळी बुचं एका पातळीत आली होती आणि म्हातारा त्यांवरून तळवा फिरवून बघत होता.

इंद्रभानने सगळं रॉकेलने धुतलं, पुन्हा रचलं, इंजिनाचं तेल भरलं. तेल भरायच्या भोकाचं झाकण तो आजवर हातानेच फिरवून लावायचा. आज त्याने ते पान्याने आवळलं, अंगातली उरलीसुरली ताकद लावून. मग पाठमोराच म्हणाला, "बा, साखळीले रोज वंगण पायजे. माह्यानं होत नाही. थे तू पाहत जाय."

"हाव," मोतीराम म्हणाला.

सकाळी इंद्रभान निघाला तेव्हा म्हातारा आधीच गोठ्यात होता.

"झाकण लय घट्ट केलं रे."

इंद्रभानने पान्यांची पिशवी मागे बांधली.

"बरं केलं. रोज उघडून पाहाची सवयच लागली व्हती मले." मग नळा खुंटीला अडकवत तो म्हणाला, "साखळीले लावलं."

लावलं म्हणजे चांगलं चोपडलं होतं. दांडी दाबली, गिअर टाकला, फटफटी जागच्या जागी थांबून राहिली. दांडी सोडली तशी शहाण्यासारखी निघाली. वेशीबाहेर पडेपर्यंत इंद्रभानच्या पायजम्यावर एरंडेलाचे ठिपके पडले होते आणि साखळीवर रस्त्याची माती बसायला लागली होती. आता दर रविवारी ती धुवावी लागणार होती. विश्रांतीला रविवार तेवढा एक उरला होता.

दिव्याचं रॉकेल गाडी धुण्यात संपलंय हे रुख्मिणीला सांगायचं राहिलं, हे त्याला मोताळ्याच्या वाटेवर आठवलं. पण गाडी बरी चालली होती, आणि पुढे कुणाचा तरी गहू वाळत होता. तो थांबला नाही.