जमारिस वर मागायला गेला

जमारिस शिंपी अडखळत बोलायचा. नुसतं अडखळणं नव्हे, शब्द ओठांपर्यंत येऊन अडून बसायचा, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. समोरचा माणूस कंटाळून त्याचं वाक्य स्वतःच पुरं करायचा. म्हणून मापं घेताना तो तोंडात टाचण्या धरायचा. टाचण्या असल्या की कुणी बोलायची अपेक्षा ठेवत नाही.

पायाकुंबू शहराच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या गावात त्याचं दुकान होतं. आमच्याकडे लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहतो, तसा तोही तिथे झोपायला असायचा, पण जीव सगळा बहिणीच्या घरी. भाची रेफ्नी लहान असताना तिचा बाप कामधंद्यासाठी समुद्रापलीकडे गेला तो परतलाच नाही. तिला शाळेत पोचवणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं मामानंच केलं. आणि ती पोरगी त्याचं वाक्य कधी पुरं करायची नाही. तोंडाकडे बघत थांबायची, कितीही वेळ लागो.

आता तिचं लग्न ठरलं होतं. आमच्याकडे वधूकडची माणसं पानाचं तबक घेऊन वराच्या घरी जातात आणि भर बैठकीत त्याला मागून आणतात. ते मागणंही साधं नाही. एकानं घोळवून घोळवून जुन्या शब्दांत बोलायचं, समोरच्यानं तितक्याच घोळवून उत्तर द्यायचं, आणि ते संपेपर्यंत पुढ्यातल्या ताटाला कुणी हात लावायचा नाही.

"पलीकडच्या वाडीतल्या माणसाला सांगून ठेवते," रेफ्नीची आई, जस्निमारताई म्हणाली. "छान बोलतो म्हणे."

"म... म... मी बोलेन," जमारिस म्हणाला.

ताईनं हातातली भाजी खाली ठेवली. "अरे, तुझं संपेपर्यंत पहाट होईल. जेवण थंड होईल."

ती हसली, तोही हसला. पण दुसऱ्याच दिवशी तो दातुक राजोंकडे गेला. दातुक म्हणजे कुळाचे प्रमुख. आणि बैठकीत बोलावं तर यांनीच, असं चार गावं मानायची. त्यांनी त्याला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं.

"जमारिस, माझ्या अंगावरचा हा सदरा तूच शिवलास. कापड फाटेल पण शिवण उसवणार नाही," ते म्हणाले. "पण हे तुझं काम नाही रे. पोरीचं लग्न आहे. त्या दिवशी काही बिघडलं तर तुलाच जन्मभर लागून राहील."

ते प्रेमानंच बोलले होते, म्हणून जास्त लागलं.

पियानच्या चहाच्या टपरीवर तोवर बातमी पोचली होती. "जमारिस बोलणार? मग आम्ही घरूनच जेवून येतो," कुणीतरी म्हणालं आणि बाकं हसली. पियान मात्र हसला नाही. गर्दी पांगल्यावर त्यानं अंडं फेटून केलेला चहा जमारिसच्या पुढे सरकवला.

"रोस्मानी मावशीकडे जा."

"बा... बाईमाणूस?"

"तिचा नवरा कसला बोलायचा, आठवतंय ना? बैठक गाजवून यायचा. पण घरी घोकताना त्याच्या चुका कोण काढायचं, ते माझ्या आईला विचार. शेजारीच राहायचो आम्ही."

रोस्मानी मावशी अंगणात उखळात तांदूळ कांडत होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकट्याच राहायच्या. जमारिसचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मुसळ थांबवलं नाही.

"बाईकडून शिकायला आलास. लाज नाही वाटत?"

"वा... वाटते."

"बरं झालं खरं बोललास. धर हे मुसळ."

त्यांनी त्याला कांडायला लावलं. मुसळ पडेल तेव्हा एक शब्द, उचलताना श्वास. त्या एक ओळ म्हणायच्या, तो मागून म्हणायचा. त्या जुन्या बोलण्याला स्वतःचीच एक लय आहे, ती मुसळाच्या ठोक्याला जाऊन मिळाली, आणि जमारिसच्या तोंडून अख्खं वाक्य न अडखळता बाहेर पडलं. तो घाबरून थांबला.

"थांबतोस काय? पीठ कोण करणार, तुझी सासू?"

दुकान बंद करून तो रोज जाऊ लागला. मावशी कौतुक करायच्या नाहीत. चुकलं की "ऊं" करायच्या, बरोबर आलं की काहीच नाही. काही दिवसांनी त्यांनी मुसळ काढून घेतलं, तेव्हा शब्द पुन्हा अडू लागले.

"लो... लोक हसतील, मावशी."

"हसतील की. मग गप्प बसतील. अडलास तर अड. शब्दाला धक्के मारू नकोस, तो यायचाच आहे. तुझं काम फक्त समोरच्याकडे बघत राहायचं."

बोलणं पाठ झालं त्या दिवशी त्यांनी त्याला जवळ बसवलं. "माझ्याकडचं संपलं. मी आयुष्यभर भिंतीआडून ऐकलं, समोर बसून कुणाला उत्तर दिलं नाही. उलट प्रश्न आला तर काय करायचं, ते मला ठाऊक नाही. परत दातुकांकडे जा."

"त्यांनी ना... नाही म्हटलंय."

"तेव्हा तू रिकाम्या हातानं गेला होतास."

दातुक राजो पहिल्या चार ओळी ऐकून सरळ होऊन बसले. पुढचं त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दोन ठिकाणी जमारिस अडला. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"हे वळण तर आमच्या गेलेल्या मित्राचं," ते हळूच म्हणाले. "कुठून आणलंस?"

जमारिसनं सांगितलं. दातुकांनी पानाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "आता मी वराकडचा. म्हणतो, मुलगा घरी नाही, मासे धरायला गेलाय. बोल, काय करशील?"

तिथून त्यांची जुंपली. दातुक तिरकं विचारायचे, मध्येच विषय वळवायचे, मुद्दाम रागवायचे. लग्नापर्यंत जमारिस त्यांच्या ओसरीवरच सापडायचा.

लग्नाच्या दिवशी वराच्या घरी पुरुषांच्या लांबच लांब रांगा बसल्या. नारळाच्या दुधात आटवलेल्या मांसाच्या रेंदांगचा आणि फणसाच्या रश्शाचा वास सुटला होता. जमारिसनं पानाचं तबक पुढे सरकवलं आणि सुरुवात केली. टपरीवरची माणसं एकमेकांना कोपरं मारत होती, ती थांबली. समोर बसलेल्या वराकडच्या म्हाताऱ्यानं उत्तर दिलं, जमारिसनं ते परतवून पुढचं मांडलं. सगळं पाण्यासारखं चाललं होतं, आणि ऐन मागणं घालताना, भाचीच्या नावावर, तो अडला.

"रे..."

मान ताठ झाली. मागून एक भाऊबंद नाव सुचवायला पुढे झुकला. दातुक राजोंनी त्याच्या गुडघ्यावर हात दाबला. कुणी खोकलं. जमारिसनं या वेळी डोळे मिटले नाहीत. तो समोरच्या म्हाताऱ्याकडे बघत राहिला, आणि तो म्हातारा अगदी स्वस्थ बसून त्याच्याकडे.

"रेफ्नी," जमारिस म्हणाला. "आमची रेफ्नी. तिच्यासाठी तुमचा मुलगा मागायला आलोय."

बैठकीतलं ते बोलणं नव्हतंच. जुन्या शब्दांत असं थेट कुणी मागत नाही. समोरचा म्हातारा क्षणभर गडबडला, मग हसून म्हणाला, "न्या बाबा. आणि आता जेवू द्या."

नवरदेवाला घेऊन ते परतले तेव्हा बातमी आधीच पोचली होती. रेफ्नी डोक्यावरचा वधूचा जड सोनेरी मुकुट सांभाळत बसली होती. "मामा, माझ्याच नावावर अडलास म्हणे?"

"ह... हो."

"थांबले का सगळे?"

"थांबले."

तिचे डोळे भरले. ताई ओरडली, "रडू नकोस, काजळ जाईल!" आणि स्वतःच रडायला लागली.

लग्नाची गडबड ओसरल्यावर जमारिस मावशींकडे गेला. त्यांनी उखळाकडे बोट दाखवलं, पण तो अंगणात थांबला नाही. त्यानं त्यांना वर ओसरीवर, पाहुण्यांच्या जागी, चटईवर बसवलं. मावशी कुरकुरल्या, चूल पेटायची आहे म्हणाल्या. तो समोर मांडी घालून बसला, पानाचं तबक पुढे केलं आणि पहिल्यापासून सगळं बोलला, त्यांच्याकडे बघत. एकदा अडला, थांबला, पुढे गेला. मावशींनी "ऊं" केलं नाही. बोलणं संपलं.

"समोरून असं ऐकू येतं होय," त्या म्हणाल्या. "पुन्हा म्हण जरा."