टेक आला कुठून

“थांबा, हा शब्द आला कुठून ते बघू आधी.” रेणापूरच्या आमच्या कॉलेजात इंग्रजीच्या मॅडम असं म्हणाल्या, की समजायचं, आजचा धडा गेला!

असं एखादं माणूस तुमच्याही नोकरीत असेल. मन सोन्यासारखं, व्यवहाराच्या नावानं बोंब. मॅडम मूळच्या लोह्याच्या, तासिका तत्त्वावर. दर वर्षी संस्थेच्या समितीसमोर नमुना पाठ द्यायचा, पसंत पडला तरच पुढचं वर्ष. मी जीवशास्त्राचा, कायम. लातूरहून एकाच एसटीनं यायचो आणि वाटभर मी त्यांच्याशी भांडायचो.

“मॅडम, परीक्षेत मूळ विचारतात का? टेक म्हणजे घेणे. पाठ करून घ्या, मोकळ्या व्हा.”

“सर, आपण चहा घेतो, फोटो काढतो, गोळी खातो, वेळ लागतो. त्यांचा सगळा संसार एकट्या टेकवर. हे कसं काय, पोरांना कळू नये?”



यंदा पाठाच्या आदल्या दिवशी मी हात जोडले. “पंधरा मिनिटं फक्त. टेकच्या अर्थांचा तक्ता लावा, वाचा, बसा.” “हाव सर,” म्हणाल्या. चक्क हो म्हणाल्या!

तक्ता लावलाही. पुढच्या बाकावर समिती, मागं बारावीची पोरं, त्यांच्यात मी. तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, “मॅडम, एकाच शब्दाला इतके अर्थ कसे?”

संपलं. मॅडमचा चेहरा उजळला. हा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडात आणला, म्हणाल्या. फार जुना अर्थ म्हणे ‘शिवणे’, म्हणजे हात लावणे, असावा. शिवण्याचं घेणं कसं झालं? मॅडमनी खडूनं फरशीवर रेघ ओढली आणि दोन पोरांना कबड्डीला उभं केलं. एकानं दुसऱ्याला शिवून रेघेपलीकडं उडी मारली.

“शिवला की?”

“घेतला!” अख्खा वर्ग ओरडला.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “मॅडम, इंग्रजी शिकवायलात का कबड्डी?”

तक्ता वाचायचा राहूनच गेला. संध्याकाळी कळलं, नेमणूक दुसऱ्या सरांची झाली.

लातूरच्या स्टँडवर उतरल्यावर मी तडकलो. “अहो, तेवढा एक दिवस तरी सरळ शिकवायचं! पायावर धोंडा पाडून घेतलात.”

“पोरांना कळलं का पण, सर?”

“कळलं ना! मागच्या बाकालासुद्धा कळलं. म्हणून तर लई राग यायलाय मला!”

त्या हसल्या. मला नाही हसता आलं. लोह्याकडची गाडी लागली. पायरीवरून वळून म्हणाल्या, “नव्या सरांना सांगा, ती पोरगी लई बारीक विचारते. तिला गप करू नका म्हणावं.”

मी सांगितलं. सर म्हणाले, “बघू, पोर्शन संपल्यावर.”

पोर्शन वेळेत चाललाय. ती मुलगी आता काही विचारत नाही.