वरचं टोक देवाला

अलगदमामांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझ्या कपाटाशी बोलत होते.

मी शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. सामानाचा टेम्पो खाली उभा राहिला. त्यातून आधी एक धिप्पाड गडी उतरला आणि मागून एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा, खांद्यावर रुंद सुती पट्टा टाकलेला माणूस. मला वाटलं, धिप्पाड गडी ओझी उचलणार आणि हा पावतीवर माझी सही घेणार. किडकिडीत माणसानं माझ्या लोखंडी कपाटावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि शेजाऱ्याला हाक मारावी तसं म्हणाला, "प्रभू, वरचं टोक तू धर. खालचं मी बघतो."

मी जिन्यात मान वर करून पाहिलं. वर प्रभू नावाचा आणखी कोणी गडी उभा असेल, अशी माझी समजूत. वर कोणी नव्हतं. धिप्पाड गड्यानं वरची बाजू धरली, हे खाली वाकले, आणि "अलगद, अलगद" अशी हाक देत देत कपाट घरात येऊन भिंतीला लागलं. वाटेत पोपडासुद्धा उडाला नाही.

पुस्तकांची खोकी मात्र त्यांना आवडली नाहीत. "बाई, लोखंड बरं. दिसतं तेवढंच जड असतं. कागद फसवतो," ते कपाळ पुसत म्हणाले. पुढं बरेच दिवस मी त्यांच्या लेखी 'खोकीवाल्या बाई' होते. माणसं त्यांना सामानावरूनच लक्षात राहत. कोणी पलंगवाले, कोणी आरसेवाल्या.

ते आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि आमच्याच चर्चच्या मंडळीत येतात हे रविवारी. सामान हलवण्याच्या धंद्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. त्या 'अलगद'वरूनच सगळे त्यांना अलगदमामा म्हणत. त्यांच्या बायकोला अर्थातच मामी.

मामी म्हणजे मामांच्या दुप्पट. अंगानं, आवाजानं आणि मतांनीही. उपासनेत त्या दुसऱ्या रांगेत कडेला बसायच्या आणि प्रत्येक गीत सगळ्यांच्या अर्धी ओळ आधी म्हणायच्या. पेटीवाल्यानं पुष्कळ वर्षं त्यांना गाठायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, "स्वर्गात आपलं गीत पोचेल तेव्हा मामींचं आधीच पोचलेलं असेल." मामींनी ती शाबासकी समजून घेतली होती.

मामांची प्रार्थना कपाटापुरती नव्हती. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण उघडायचं असो की बँकेत अर्ज भरायचा असो, मामा आधी तळहात ठेवायचे आणि म्हणायचे, "प्रभू, वरचं टोक तू धर." माझ्यातली शिक्षिका गप्प बसेना. एकदा जिन्यात गाठून मी विचारलंच, "मामा, जिन्यावर वजन कोणावर येतं?"

"खालच्यावर. वरचा नुसता वाट दाखवतो, तोल सांभाळतो."

"मग देवाला वरचं टोक का?"

मामा माझ्याकडे, वर्गात पहिल्या दिवशीच आगाऊ प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे पाहावं तसे पाहू लागले. "बाई, तुमच्याकडे पाहुणा आला तर तुम्ही त्याला जड पिशवी द्याल का?"

यावरचं उत्तर मामींकडे तयार होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "चाळीस वर्षं तो पाहुणा यांच्याबरोबर जिने चढतोय, बिचारा. हात शिवशिवत असतील त्याचे."

बोलणं हसण्यावारी गेलं.

नंतर मामी पडल्या. पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढल्या होत्या. मामांनी बजावलं होतं, आणि मामांनी बजावलं म्हणूनच चढल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, घरातल्या घरात चालणं सुरू झालं. पण जिना उतरायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापासून रस्त्यापर्यंत चोपन्न पायऱ्या आहेत. हा आकडा मामांचा, त्यामुळे तो बरोबरच असणार.

पाच महिने मामी रविवारी घरी राहिल्या. आमचं गाणं सुधारलं, सगळी मंडळी एकदम सुरू होऊन एकदम थांबायला लागली. आणि कोणालाच ते बरं वाटेना. पेटीवाला एकदा मला हळूच म्हणाला, "बाई, पुढं कोणी नसलं की मागं राहायलाही मजा येत नाही हो."

पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून जात. मामी मामांना त्यांच्यासाठी चहा करायला लावत, आणि ते गेले की खिडकीशी बसून राहत. एकदा मी वर गेले तेव्हा म्हणाल्या, "बाई, घरी प्रार्थना होते. पण दुसऱ्या रांगेत बसल्याशिवाय मला मी असल्यासारखं वाटत नाही." मामींना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

मामांनीही ते ऐकलं. म्हणाले, "त्यात काय? मी आहे ना!"

मामा तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. त्यांनी हातांची लाकडी खुर्ची घेतली, तिला पट्टा बांधला, मामींना बसवलं, खुर्चीवर तळहात ठेवून नेहमीची प्रार्थना केली आणि खुर्ची पाठीवर घेतली. मामींचं तोंड मागं. त्या जिन्याला आणि आम्हाला पाहत खाली जात होत्या.

"अलगद," मामा स्वतःलाच सांगत होते.

"अहो, मी कपाट नाही."

"ठाऊक आहे. कपाट गप्प बसतं."

पहिल्या मजल्यावर राहणारा तरुण व्यायामशाळेत शिकवायचा. आम्ही त्याला जिमवाला म्हणायचो. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे. तो दार उघडून धावत आला. "मामा, थांबा, मी धरतो."

"तू तुझी यंत्रं धर, पैलवान," मामा न थांबता म्हणाले. "ती ताकद जिन्यावर चालत नाही."

जिमवाला ओशाळून हसला आणि बाजूला झाला.

तीन रविवार असेच गेले. मामी दुसऱ्या रांगेत परतल्या, गीतं पुन्हा अर्धी ओळ पुढं धावू लागली. मामांचा चेहरा घरी येईपर्यंत लाल राहायचा आणि सोमवारी ते कठड्याला धरून चालायचे. मी विचारलं, तर म्हणायचे, "देव बळ देतो."

चौथ्या रविवारी गीतांचं पुस्तक घेऊन मी घराबाहेर पडले, तर माझ्या दारापासून चार पायऱ्या खाली, जिन्याच्या वळणावर, मामी खुर्चीत बसलेल्या आणि मामा खुर्चीपुढं गुडघ्यांवर. खुर्ची त्यांनी अलगदच टेकवली होती. पण त्यांना स्वतःला उठता येत नव्हतं. कमरेत उसण भरली होती.

"बाई, तुम्ही पुढं व्हा. पाचच मिनिटं," मामा दात आवळून म्हणाले.

"दहा मिनिटं झाली त्यांच्या पाच मिनिटांना," मामी म्हणाल्या.

मामांनी हात लांबवून खुर्चीच्या पायाला लावला. "प्रभू, वरचं टोक..."

"वरचं काय, वरचं!" मामींचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला असेल. "चाळीस वर्षं हलकं टोक देताय त्याला! जड टोक स्वतःकडे ठेवायचं आणि वर म्हणायचं, देव बळ देतो. कधी देणार तो? तुम्ही हात सोडलात तर देईल ना! एकदा खालचं द्या त्याला, आणि बघा तरी काय करतो ते!"

मामांनी खुर्चीच्या पायावरचा हात काढून घेतला. मी पुस्तकाचं कव्हर नीट करत उभी राहिले.

आवाज ऐकून जिमवाला वर आला, हातात दुधाची पिशवी. यावेळी त्यानं विचारलं नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि खुर्चीला दोन्ही हातांनी मिठी मारली.

"असं नाही!" मामा जमिनीवरून ओरडले. दुखणं क्षणभर विसरले. "हातांनी नाही, मांड्यांनी उचल! पाठ सरळ! बाई, तुम्ही वर पाठीकडून धरा, नुसता तोल."

म्हणजे वरचं टोक माझ्याकडे आलं. दुधाची पिशवी मामींच्या मांडीवर, गीतांचं पुस्तक माझ्या काखेत, आणि मागून मामा कठड्याला धरून एकेक पायरी बसत उतरताहेत आणि ओरडताहेत, "अलगद!" उपासनेला पोचलो तेव्हा दुसरं गीत सुरू होतं. मामींनी दारातूनच ते गाठलं आणि मागं टाकलं.

जिन्याचा प्रश्न आता सुटला, असं मला वाटलं होतं. पण तो आठवडा वाईट गेला. मामा कमरेला पट्टा लावून पडून होते आणि कोणाशी धड बोलत नव्हते. जिमवाला दोनदा चौकशीला आला, दोन्ही वेळा "बरा आहे" एवढंच ऐकून गेला. मामींनी जाहीर करून टाकलं, "मी आता यांच्या पाठीवर बसणार नाही. रविवारी घरीच बरी." आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

शुक्रवारी मामा भिंत धरत धरत माझ्याकडे आले. चहा घेतला.

"बाई, माझ्या बायकोला दुसऱ्यानं उचलायचं?"

"तुम्ही चाळीस वर्षं दुसऱ्यांचीच घरं उचललीत, मामा. कोणाला लाज वाटली का?"

"ते वेगळं. ते काम होतं." मग म्हणाले, "मी रोज मागत होतो देवाजवळ. रोज. पण लागेल तेवढं कधी मागितलं नाही. त्याला त्रास नको म्हणून मागत होतो की मला कमीपणा नको म्हणून, ते आता कळेनासं झालंय."

मी शाळेत असते तर यावर काहीतरी बोलले असते. निवृत्त झाल्यापासून मी थोडी शहाणी झाले आहे. मी आणखी चहा ओतला.

शनिवारी दुपारी मी भाजी घेऊन जिना चढत होते. पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर असतानाच वरच्या दाराशी मामा उभे दिसले. जिमवाल्याचं दार. मामांना त्या दारापर्यंत यायला अर्धा तास तरी लागला असेल. बेल वाजवायला हात वर केला, खाली घेतला. पुन्हा वर केला. शेवटी त्यांनी दारावर तळहात ठेवला, माझ्या कपाटावर ठेवला होता तसाच, आणि डोळे मिटले.

"प्रभू, खालचं टोक तू धर," ते म्हणाले. "मला जमत नाही."

आणि बेल वाजवली.

जिमवाल्यानं दार उघडलं आणि घाबरून म्हणाला, "मामा, गाण्याचा आवाज मोठा झाला का? लगेच कमी करतो."

"नाही रे. उद्या सकाळी साडेआठला मोकळा आहेस का?"

"आहे की. का?"

"एक ओझं खाली न्यायचं आहे."

वरून, तिसऱ्या मजल्याच्या उघड्या दारातून, आवाज आला, "ओझं कोणाला म्हणताय?"

जिमवाला हसायला लागला. मामाही. कंबर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ते पाणी कशाचं होतं हे मी विचारलं नाही. मी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि खोकले, म्हणजे मी आताच आले असं त्यांना वाटावं.

"बाई, तुम्हीही या उद्या," मामा म्हणाले. "वरच्या टोकाला माणूस लागेल."

या गोष्टीला तीन वर्षं झाली. माझ्या मनगटांनी सहा महिन्यांत राजीनामा दिला. आता वरचं टोक पेटीवाला धरतो, तो मुद्दाम लवकर येतो त्यासाठी. खालचं जिमवाल्याकडेच आहे. तो उपासनेला बसत नाही, खुर्ची दुसऱ्या रांगेपाशी टेकवून कामावर जातो आणि संपायच्या वेळी परत येतो. मामींनी त्याला एक गीत मात्र शिकवलं आहे, आणि तोही ते अर्धी ओळ आधी म्हणतो.

प्रार्थना अजून मामाच करतात. हल्ली ती फार लहान झाली आहे. खुर्चीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "प्रभू, धर." कुठलं टोक, ते सांगत नाहीत.

मामा आता सदुसष्ट वर्षांचे आहेत. ओझी उचलत नाहीत. आठवड्यातून दोन दिवस कामावर जातात आणि नवीन आलेल्या गड्यांना पट्टा बांधायला शिकवतात. रविवारी सकाळी साडेआठला ते खुर्चीच्या पुढं, हातात मामींचा चष्मा आणि वॉकर घेऊन, चोपन्न पायऱ्या उतरतात.