तीनदा जमलेला प्रयोग

मी सांगलीत रसायनशास्त्र शिकवते. निळ्या एलईडीच्या उजेडात एक पदार्थ ठेवायचा आणि काही तासांत त्याचा दुसराच पदार्थ झालेला बघायचा, हा माझा उद्योग. अशा कामात उजेड पकडून पुढं ढकलणारा आणखी एखादा पदार्थ सोबतीला घालावा लागतो. माझ्या अभिक्रियेला मात्र तो लागत नव्हता. नुसत्या उजेडावर काम व्हायचं. तीन वर्षं, दर वर्षी एकदा, मी ती करून पाहिली आणि तिन्ही वेळा जमली. शोधनिबंध छापून आला तेव्हा मी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले.

माझी एक विद्यार्थिनी मूळची म्हसवडची. साताऱ्याच्या एका कॉलेजात शिकवायची आणि तिथल्याच प्रयोगशाळेत माझ्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करायची. तिचं सगळं काम माझ्या त्या अभिक्रियेवर उभं राहायचं होतं, आणि तिच्याकडे ती होतच नव्हती. तिनं दिवा बदलला, पंखा लावला, रसायनं नवी मागवली. काचेपासून दिवा किती सेंटिमीटरवर ठेवला तेही तिच्या वहीत असायचं. माझ्या वहीत नुसतं ‘दिव्याजवळ’ लिहिलेलं होतं. तरी चूक तिचीच, असं मी धरूनच चालले होते. माझा स्वभाव तापट. एकदा मत झालं की झालं.

शेवटी मी तिच्या वडिलांना, आप्पांना, फोन केला. फौजेतून निवृत्त झालेला साधा माणूस. “मुलगी गुणी आहे, पण तिचे हात प्रयोगाचे नाहीत. उगाच तिची वर्षं घालवू नका,” असं मी त्यांना सांगितलं. वर स्वतःच्या स्पष्टवक्तेपणाचं कौतुकही वाटून घेतलं. त्यांनी तिला महिनाअखेर काम सोडून घरी यायला सांगितलं.

ती भांडली नाही. “जायच्या आधी एकदा तुमच्याच दिव्यावर, तुमच्याच फ्लास्कमध्ये करू द्या,” एवढंच म्हणाली. सकाळच्या एसटीनं आली. पहिल्या दिवशी माझ्या फ्लास्कमध्ये तिच्याच हातून अभिक्रिया सुरेख झाली. मी म्हणाले, “बघ! नीट लक्ष दिलं की होतं.”

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातला कोरा फ्लास्क घेतला. दिवा तोच, जागा तीच, बाटल्या त्याच. काहीच झालं नाही.

तिनं माझा जुना फ्लास्क खिडकीशी धरला. “मॅडम, ह्याच्या तोंडाशी पिवळं काय आहे?”

हळद होती. खंडेनवमीला आम्ही प्रयोगशाळेतली उपकरणं पूजतो. हा फ्लास्क माझ्या खास कामाचा, म्हणून दर नवमीला त्याला मी स्वतः बोटांनी हळदकुंकू लावायचे. दर वर्षीच्या त्या प्रयोगाचा मुहूर्तही त्याच आठवड्यातला. आतून मी तो घासूनपुसून लख्ख करायचे, पण तोंडाच्या खरखरीत काचेवर नुसतं फडकं फिरवायचे. पूजेची हळद खरवडून काढायला हात धजावायचा नाही. दिव्याच्या उष्णतेनं आतली वाफ तिथपर्यंत चढत होती आणि हळद घेऊन खाली उतरत होती.

मी म्हणाले, “शक्यच नाही.” तीन-चारदा म्हणाले असेन. तिनं पूजेच्या डबीतली चिमूटभर हळद कोऱ्या फ्लास्कमध्ये टाकली आणि दिवा लावला. संध्याकाळपर्यंत अभिक्रिया झालेली होती.

मी स्टुलावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही. हळदीच्या बाजाराच्या गावात माझा जन्म गेला. हळद निळा उजेड शोषते हे तर मी दर वर्षी वर्गात शिकवते! आणि तीनदा जमला म्हणून मिरवलेला प्रयोग म्हणजे मी तीनदा केलेली एकच चूक होती. लाज वाटली, त्याहून भीती जास्त वाटली. ही मुलगी न बोलता परत गेली असती तर?

“निबंध मागं घेते. आजच नियतकालिकाला लिहिते,” मी म्हणाले.

“ते लिहाच,” ती म्हणाली. “पण आधी आप्पांना फोन करा.”

मी केला. सगळं सांगितलं, माफी मागितली.

“मॅडम,” ते म्हणाले, “पोरगी पयल्या दिसापास्नं हेच सांगत हुती. ‘आप्पा, माझं काय चुकत न्हाई.’ मीच म्हनलो, एवढ्या शिकलेल्या बाई खोटं कशाला बोलतील? माज्या पोरीवर न्हाई, तुमच्यावर इस्वास ठिवला मी.” मग म्हणाले, “तिच्याकडं द्या जरा फोन.”

मी फोन पुढं केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि तो घ्यायला हात पुढं केला नाही.